अकोल्याहून जहाज किती वाजता सुटते?

बोनस झाला की माणसाला दोन प्रकारची खाज सुटते. एक नव्या फोनची आणि दुसरी घरच्यांना कुठेतरी घेऊन जाण्याची. फोन मी चारच महिन्यांपूर्वी घेतला होता. त्यामुळे 2025 च्या जानेवारीत, हिंजवडीतल्या फ्लॅटवर रविवारची दुपार लोळून काढताना, मी फॅमिली ग्रुपवर टाकून दिलं, ‘एप्रिलमध्ये सगळ्यांनी क्रूझला जायचं. खर्च माझा.’

पाच मिनिटं ग्रुपवर चिडीचूप. मग आईचा फोन आला.

‘‘काय वं, बरी हाय नं तू?’’

मी बरी होते. ‘सगळे’ म्हणजे आम्ही सात जण. अकोल्याला आई-बाबा, अमरावतीला दादा-वहिनी आणि त्यांचे दोन पोट्टे, शिवाय पुण्याला मी. मोठी पुतणी सोळा वर्षांची, तेव्हा दहावीला. धाकटा पुतण्या चौदाचा. आमच्या अख्ख्या खानदानाचा जलप्रवास म्हणजे चिखलदऱ्याच्या शक्कर तलावातली बोट, तीही वहिनी किनाऱ्यावर पर्सा सांभाळत बसलेली. अकोल्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने पावणेसहाशे किलोमीटर, अमरावतीहून त्याच्याही पुढे. धाकट्याने ग्रुपवर विचारलेला पहिला प्रश्नच होता, ‘आत्या, अकोल्याहून जहाज किती वाजता सुटते?’ खाली सहा हसरे चेहरे.

मोठीने मात्र काहीच टाकलं नाही. डिसेंबरपासून ती घरात ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलत होती. दहावीनंतर तिने अकोल्याला आजी-आजोबांकडे राहायचं, अकरावी-बारावी तिथेच करायची, नीटचे क्लास लावायचे असं दादाने ठरवून टाकलं होतं. त्यात वेगळं काही नाही. अख्ख्या विदर्भातली पोरं डॉक्टर व्हायला अकोल्याच्या क्लासमध्ये येऊन पडतात. पण ‘आता दोन वर्षं कुठी जायचं नाही’ हे वाक्य तिच्यासमोर इतक्यांदा म्हटलं गेलं होतं, की मार्च संपल्यापासून जून लागेपर्यंतचे दिवस तिला सुटीसारखे वाटेनात. क्रूझचं खूळ माझ्या डोक्यात आलं त्याचं खरं कारण हे. बोनस हे निमित्त.

एक्सेल शीटवाली आत्या

ऑफिसात सवय लागलेली असते, त्यामुळे मी आधी एक्सेल शीट उघडली. कॉलम तीन: सिंगापूर, लक्षद्वीप, मुंबई-गोवा.

सिंगापूर म्हणजे आमच्या पिढीच्या डोक्यात बसलेली क्रूझ. आम्ही शाळेत होतो तेव्हा कॉलनीतल्या ज्या काकू ‘फॉरेन’ला जाऊन यायच्या, त्यांच्या अल्बममध्ये सिंगापूर-मलेशियाच्या जोडीला ‘सुपरस्टार व्हर्गो’ जहाजावरचे दोन-चार फोटो असायचेच. आता तिथून 2016 सालचं ‘जेन्टिंग ड्रीम’ जहाज निघतं, आणि रॉयल कॅरेबियनची क्वांटम घराण्यातली जहाजंही हंगामात येतात. त्यांच्यावर काय नाही? कृत्रिम लाटेवर सर्फिंग, हवेच्या झोतावर तरंगण्याची काचेची नळी, समुद्रापासून नव्वदेक मीटर वर नेणारी काचेची खोली. शिवाय 12 ते 17 वयाच्या मुलांसाठी वेगळा क्लब, जिथे आई-बापाला मज्जाव.

हा क्लब मला टीनएजर घेऊन जाणाऱ्यांसाठी हुकमी एक्का वाटला. धाकटा तर व्हिडिओ बघून वेडा झाला. पण सात जणांचं विमान, सात व्हिसा आणि जहाज सिंगापूर सोडून पुन्हा सिंगापूरलाच येणार म्हणून मल्टिपल एंट्रीची भानगड. त्यात पाच जणांकडे पासपोर्टच नव्हता. आणि मोठीने फोनवर तिच्या कोट्यातले चार शब्द खर्च केले, ‘‘क्लब म्हणजे परत क्लासच.’’

लक्षद्वीपचं पाणी फोटोत पाहूनच जीव निवतो. पण तिथे आपल्यालाही प्रवेशाचा परवाना लागतो आणि मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. बाहेर नांगर टाकून लहान बोटींनी बेटावर नेतात, आणि वाऱ्याने मूड बदलला की उतरणं रद्द. बाबांचे गुडघे आणि हलती शिडी हे समीकरण मला जमेना. तरुण जोडप्यांनी जरूर जावं.

उरलं मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्रींचं. आपल्याकडची क्रूझची गोष्ट जरा अडखळतच चालली आहे. 2005 साली ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईत आली आणि काही हंगामांनी गेली. 2016 पासून इटलीच्या कोस्टा कंपनीचं जहाज मालदीवला जायचं. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘आंग्रिया’ सुरू झाली, गडकरी आणि फडणवीस या दोन नागपूरकरांच्या हस्ते (समुद्राचं कौतुक शेवटी आम्हा कोरडवाहू लोकांनाच!), आणि कोविडने ती बंद पाडली. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ आहे. हे जहाज 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेलं, तेव्हाचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. अकरा डेक, लांबी 211 मीटर, दीड हजाराहून जास्त प्रवासी. ‘‘म्हणजे आत्यापेक्षा मोठं,’’ धाकट्याने हिशेब केला. गप्प बस म्हटलं.

या पर्यायाला पासपोर्ट नको, फोटोचं ओळखपत्र पुरतं. आणि घरापासून धक्क्यापर्यंत एकच गाडी. अमरावती एक्स्प्रेस संध्याकाळी निघते, रात्री अकोल्याला आई-बाबांना घेते आणि सकाळी सीएसएमटीला सोडते. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने दहा मिनिटांवर. (त्याच एप्रिलमध्ये बेलोऱ्याहून मुंबईचं विमानही सुरू झालं, पण आमची तिकिटं आधीच काढलेली होती.) एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गाडी लेट झाली तर बॉस थांबतो, जहाज थांबत नाही. जहाज संध्याकाळी सुटणार असलं तरी चेक-इन काही तास आधी बंद होतं. त्यामुळे सकाळी पोचणारी गाडीच धरायची. तिला चार तास उशीर झाला तरी जीव भांड्यात राहिला पाहिजे.

सात जणांचं गणित

इथपर्यंत मी स्वतःवर सॉलिड खूश होते. मग एजंटबाईंचं कोटेशन आलं.

क्रूझची जाहिरातीतली किंमत माणशी असते, पण ती एका केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून. तिसरा आणि चौथा माणूस त्याच केबिनमध्ये घातला, की तो स्वस्तात जातो. भिंतीत किंवा छतात दुमडलेले जे बर्थ असतात, त्यांच्यावर तो झोपतो. थ्री टायरवाल्यांना सांगायला नको. उलट एकटाच माणूस केबिन घेईल तर त्याला जवळपास दोघांचे पैसे पडतात. बंदराचे आकार, कर आणि टिप हे वेगळं. दारू, वायफाय आणि गोव्यातली सहल हे त्याहून वेगळं. जेवण मात्र पॅकेजमध्ये, आणि ते दिवसभर चालूच असतं.

सात हा आकडा या गणितात सगळ्यात बेकार. बाईंनी सुचवलं, चौघांची एक केबिन दादाच्या कुटुंबाला, तिघांची एक आई-बाबा आणि मला. ‘‘मॅडम, बेस्ट डील आहे. वाचलेल्या पैशात समुद्राकडच्या खिडक्या घेऊन टाका.’’ कागदावर झकास दिसत होतं. मी ‘कन्फर्म’ टाइप करायच्या बेतात होते.

त्या रात्री साडेअकराला मोठीचा मेसेज आला. दहावीच्या प्रिलिम्स चालू होत्या तिच्या. तीन प्रश्न होते. ‘जहाजावर मला एकटीला फिरता येईल का? किती वाजेपर्यंत? सकाळी उठवणार का?’

मी मेसेज दोनदा वाचला. सर्फिंग नाही, स्विमिंग पूल नाही, गोवासुद्धा नाही. मी दोन आठवडे जहाजावर काय काय आहे याची यादी करत बसले होते, आणि तिला फक्त तिथे आपण कसे असू एवढंच कळायला हवं होतं.

तुम्ही विशी-तिशीत असाल तर जरा आठवून बघा. सोळाव्या वर्षी रात्री दहाला तुम्ही कुठे एकट्याने गेला होतात? मुलगे गेले असतील. मी अकोल्यात वाढले. क्लास सुटला की बाबा स्कूटर घेऊन गेटवर हजर, मैत्रिणींना ‘बाय’ म्हणायच्या आत किक मारलेली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण पहिल्यांदा रात्री एकटीने रस्त्यावरून चालले ती पुण्यात, बाविसाव्या वर्षी. आणि आता मोठी त्याच घरात, त्याच गेटवर येणार होती. त्यात अकोल्याचा उन्हाळा. 2024 च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेपायी जिल्हाधिकाऱ्यांना 144 कलम लावावं लागलं होतं, म्हणजे दिवसाही बाहेर पडायची सोय नाही.

मी एजंटबाईंना परत फोन लावला आणि सगळे प्रश्न बदलले. पोरांना वेगळी केबिन मिळेल का? (बहुतेक कंपन्यांचा नियम असा, की प्रत्येक केबिनमध्ये एक तरी सज्ञान माणूस हवं, कुठे 18 तर कुठे 21 वर्षं. आई-वडिलांची केबिन शेजारी असेल तर काही ठिकाणी सूट.) 18 च्या आतल्यांना कुठल्या डेकवर जाता येत नाही? कुठला शो फक्त मोठ्यांसाठी आहे? शुक्रवारी सुटणाऱ्या जहाजावर गर्दी कसली असते? या शेवटच्या प्रश्नावर बाई खुदकन हसल्या. म्हणाल्या, ‘‘वीकएण्डला ऑफिसचे ग्रुप आणि लग्नाआधीच्या पार्ट्या. मॅडम, तुम्ही सोमवार-मंगळवारची बघा. स्वस्तही मिळेल.’’ हा सल्ला लाख मोलाचा निघाला.

शेवटी तीन केबिन ठरल्या. आई-बाबांना खिडकीवाली. दादा-वहिनींना आतली. त्यांच्या समोरच्या दाराची, तीसुद्धा आतली, मी आणि दोन्ही पोट्टे. खिडकीचे पैसे वाचवले आणि त्यात एक केबिन जास्त घेतली. टीनएजर घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते. बाल्कनी सोडा, दार वाढवा. या वयाच्या माणसाला खिडकी नसलेली खोली म्हणजे स्वर्ग असतो, सकाळी अकरापर्यंत काळोख.

‘‘तुले सोपं वाटते’’

दादाला हे सांगितलं आणि घरात जाहीर युद्ध पेटलं.

‘‘अमरावतीत मी तिले साडेआठनंतर राजकमल चौकात जाऊ नाही देत, अन् तू मले म्हंते समुद्रात रात्री फिरू दे? तुले सोपं वाटते. तुले पोरगी नाही.’’

हे शेवटचं वाक्य लागलं. पण दादा चुकीचाही नव्हता. जहाजावर बार असतो, कॅसिनो असतो. शिवाय 2 ऑक्टोबर 2021 ला मुंबईत याच जहाजावर अमली पदार्थविरोधी पथकाचा छापा पडला होता आणि पुढचा महिनाभर टीव्हीवर दुसरं काही दिसत नव्हतं. बापाच्या डोक्यात ते बसणारच. मी त्याला ‘तसं काही नसतं रे’ म्हणाले नाही. मला जे कळलं होतं ते सांगितलं. प्रत्येक प्रवाशाला एक कार्ड मिळतं. केबिन त्यानेच उघडते, आणि जहाजावर चढताना-उतरताना ते दाखवावंच लागतं, म्हणजे कोण आत आहे आणि कोण बाहेर याची नोंद राहते. पॅसेजमध्ये कॅमेरे असतात. दोन रात्री ना कुणाला बाहेर जाता येत, ना बाहेरचं कुणी आत येत. राजकमल चौकाला इतके दरवान आहेत का?

‘‘अन् रेलिंगवरून वाकली तं?’’

‘‘तू लहानपणी मालटेकडीच्या कठड्यावरून किती वाकायचा ते सांगू का तिला?’’

यावर तो चिडून गप्प झाला. तोडगा काढला तो वहिनीने, जी इतका वेळ मागे कणीक मळत होती. फोन स्पीकरवर होता. ती शांतपणे म्हणाली, ‘‘मले बी एकटीले फिराचं हाय.’’

पलीकडे दादाचा चेहरा मला दिसला नाही. दिसायला हवा होता, राव.

मग नियम ठरले, आणि ते मोठीनेच लिहून पाठवले. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र. दुसऱ्या कुणाच्या केबिनमध्ये जायचं नाही. रात्री मोकळ्या डेकवर रेलिंगपासून दोन हात लांब. साडेबाराला खोलीत. बदल्यात सकाळी कुणी उठवायचं नाही.

बाकीच्या काळज्या

आईची काळजी एकच. ‘‘बुडलं तं?’’ टायटॅनिक तिने टीव्हीवर पाच वेळा पाहिलाय. बाबांनी त्यात भर घातली ‘रामदास’ बोटीची. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तो भर पावसाळा होता. म्हणूनच महिना निवडणं हे जहाज निवडण्याइतकंच मोठं काम आहे. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते. 2022 मध्ये तर ‘एम्प्रेस’च पावसाळ्यात चेन्नईला गेली होती. मुलांच्या परीक्षा आणि समुद्राचा स्वभाव हे दोन्ही जुळतात ते दिवाळीच्या सुटीनंतर, नाताळात, नाहीतर मार्चअखेर ते एप्रिल. बारावीवाला घरात असेल तर नाताळ विसरा.

आईला मी हेही सांगितलं, की इटलीजवळ जानेवारी 2012 मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ला अपघात झाला, त्यानंतर नियमच कडक झाले. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या सगळ्या प्रवाशांना गोळा करून कवायत दाखवतात. लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठल्या बोटीपाशी जमायचं, सात लहान आणि एक लांब भोंगा वाजला तर काय करायचं. आई म्हणाली, ‘‘मंग ठीक हाय. पण चिवडा घेते.’’

चिवड्याचं दुःख वेगळंच. घरचं खाणं बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. हे आईला पटेना. दोन डबे चिवडा आणि बरणीभर ठेचा घेऊन ती गाडीत बसली, आणि कल्याण येईपर्यंत आमच्या डब्यातल्या सगळ्यांनी तो चिवडा खाल्ला. ठेचा माझ्या एका कलीगच्या घरी गेला, त्याची बायको अजून आईची आठवण काढते.

उलटीची भीती वाटणाऱ्यांसाठी साधा फंडा. झोपाळ्याचं टोक जास्त हलतं आणि मधला भाग कमी. तसंच जहाजाचं. केबिन मधली आणि खालच्या डेकवरची घ्या. महागडी वरची, पुढची केबिन जास्त झुलते. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

आणि फोन. हा मुद्दा मी शेवटी सांगतेय, पण टीनएजर असतील तर इथूनच सुरुवात करा. किनाऱ्यापासून जहाज लांब गेलं की आपलं नेटवर्क संपतं. जहाजाचं वायफाय विकत, आणि फोन रोमिंगवर चालू राहिला तर समुद्रातल्या सॅटेलाइटचं बिल बघून भोवळ येते. एअरप्लेन मोडला पर्याय नाही. मी वायफाय मुद्दाम घेतलं नाही. धाकट्याने एक दिवस बहिष्कार टाकला. पण मग प्रश्न आला, एकमेकांना शोधायचं कसं? बाबा म्हणाले, ‘‘आम्ही जसं शोधत होतो तसं. जागा ठरवा, वेळ ठरवा.’’ मधल्या लिफ्टसमोर, एक वाजता आणि आठ वाजता. दोन दिवस आम्ही सात जण असे भेटत होतो आणि एकदाही कुणी उशिरा आलं नाही. ऑफिसमधल्या मीटिंगना हे कधी जमणार!

पाण्यावर

जहाजाचं वर्णन करत नाही, व्हिडिओ भरपूर आहेत. दोन गोष्टी सांगते. गोव्यात जहाज मुरगावला लागतं. तिथून पणजी गाठेपर्यंत तासभर जातो, आणि परत वेळेत जहाजावर यायचं असतं. ‘गोवा बघायचा’ म्हणून ही क्रूझ घेऊ नका. आम्ही जवळच्या बोगमाळोच्या किनाऱ्यावर पाय ओले केले, वहिनीने पहिल्यांदा समुद्रात कंबरेपर्यंत जाऊन दाखवलं आणि परतलो. दुसरी गोष्ट, बाबा. 1974 साली कॉलेजच्या मित्रांबरोबर ते भाऊच्या धक्क्यावरून पणजीला कोकण बोटीने गेले होते, डेकवर सतरंजी टाकून. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही त्या बोटींची नावं त्यांना अजून पाठ आहेत. पन्नास वर्षांत ही गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली नव्हती. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

पहिल्या रात्री बारा चाळीस झाले तरी मोठी खोलीत आली नव्हती. मी उठून बसले. समोरचं दार उघडलं आणि दादा ट्रॅक पॅन्टमध्ये बाहेर आला. माझ्याकडे न बघता लिफ्टकडे गेला. मी मनातल्या मनात उद्याचं भांडण रचायला लागले.

वीस मिनिटांनी तो परत आला. एकटाच.

‘‘सापडली?’’

‘‘वरच्या डेकवर हाय. खुर्चीत बसली हाय, पाय वर घेऊन.’’

‘‘कोणाबरोबर?’’

‘‘कोणीच नाही. काही करून बी नाही राह्यली. नुसती अंधारात पाहून राह्यली.’’

‘‘मग आणलं का नाही?’’

‘‘काचेच्या दारातून पाह्यलं,’’ तो म्हणाला. ‘‘तिनं मले नाही पाह्यलं.’’ थोडा वेळ तसाच दारात उभा राहिला. ‘‘बसू दे,’’ म्हणाला आणि आत गेला.

ती एक वाजून दहा मिनिटांनी आली. मी झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या रात्री ती बाराला पाच कमी असताना हजर होती, ते मी दादाला आवर्जून सांगितलं.

परतीच्या गाडीत शेगावला कचोऱ्या घेतल्या. अकोला येईपर्यंत अर्धा तास उरला होता. मोठी दादासमोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘पप्पा, क्लास नऊला सुटतो. आजोबांनी घ्यायला येऊ नये. मी येईन.’’ डब्यातल्या पंख्याकडे बघत दादाने बराच वेळ घेतला. मग म्हणाला, ‘‘पोचल्यावर फोन करशीन.’’

आता ती बारावीला आहे. नऊला क्लास सुटतो, सव्वानऊला तिची सायकल गल्लीत वळते. बाबा गेटपाशी उभे असतात, पण गेटच्या आत, झाडांना पाणी घालायचा पाइप हातात धरून. आई म्हणते, एवढं पाणी त्या मोगऱ्याला त्यांनी जन्मात घातलं नव्हतं.

धाकटा यंदा दहावीला. त्याने परवा मला फोन करून सिंगापूरवाला एक्सेल कॉलम पाठवायला सांगितलाय. बोनस कधी होतो तेही विचारून घेतलंय.